मोबदला, अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमधील गुप्त

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील महाविद्यालयीन फुटबॉल खेळाडूंना हौशीपणाचे नियम डावलून दिले जाणारे पैसे व अन्य लाभ. येथे अभिप्रेत असलेला फुटबॉल हा लंबगोल चेंडूने व मुख्यतः हातांनी खेळला जाणारा अमेरिकन खेळ होय. भारतात परिचित असलेला फुटबॉल तो नव्हे.

राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना (एनसीएए) १९०६ मध्ये स्थापन झाली, ती प्रामुख्याने मैदानावरील जीवघेण्या दुखापतींमुळे. खेळाडूंना आमिषे दाखविण्यास तिने प्रारंभापासून मनाई केली. तथापि नियम अंमलात आणण्याचे अधिकार तिच्याकडे नव्हते. कार्नेगी प्रतिष्ठानच्या अहवालात (१९२९) बहुसंख्य संस्था खेळाडूंना या ना त्या प्रकारे पैसा पुरवीत असल्याचे आढळले. १९४८ च्या कडक संहितेत हकालपट्टी ही एकच शिक्षा होती. १९५० मध्ये सात संस्थांवर ती बजावण्याचा ठराव आला. पण दोन-तृतीयांश मते न मिळाल्याने बारगळला व पुढील वर्षी संहिताच रद्द झाली. १९५६ पासून क्रीडाकौशल्यावर आधारित शिष्यवृत्तीस मान्यता मिळाली. तीत शिक्षणशुल्क, निवास, भोजन व पुस्तके यांचा समावेश होई.

याव्यतिरिक्तचा पैसा सहसा ‘बूस्टर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धनिक पाठीराख्यांकडून येई. माजी विद्यार्थी, तेलव्यापारी व मोटारविक्रेते यांचा त्यांत भरणा असे. हस्तांदोलन करताना मुठीत नोटा सरकविणे, न केलेल्या कामाचा उन्हाळी पगार, खेळाडूला मिळालेली मोफत तिकिटे अवाच्या सवा किमतीला विकत घेणे, नाममात्र दराने मोटार, आईवडिलांचे घरभाडे असे त्याचे विविध प्रकार. करार तोंडी असे. त्यामुळे पुरावा क्वचितच हाती लागे.

सर्वांत गाजलेले प्रकरण डॅलस येथील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचे. पूर्वीच्या गैरप्रकारांबद्दल विद्यापीठ परिवीक्षेखाली असतानाही तेरा खेळाडूंना एका पाठीराख्याच्या निधीतून सुमारे ६१,००० डॉलर दिले गेले. संघटनेने फेब्रुवारी १९८७ मध्ये त्याचा १९८७ चा संपूर्ण हंगाम रद्द केला. १९८८ मध्ये विद्यापीठाने स्वतःच संघ उतरविला नाही. टेक्ससचे गव्हर्नर बिल क्लेमंट्स हे पूर्वी विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. दिलेली वचने पाळण्यासाठी पैसे देणे चालू ठेवण्यास मंडळातील काहींची संमती होती, अशी कबुली त्यांनी मार्च १९८७ मध्ये दिली. शिक्षेची झळ मात्र पैशाला न शिवलेल्या खेळाडूंनाही बसली. यानंतर संघाला मोसमोत्तर ‘बोल’ सामना थेट २००९ मध्ये खेळावयास मिळाला. हा दाखला इतका धास्तावणारा ठरला, की उच्चतम श्रेणीच्या कोणत्याही फुटबॉल संघास ही शिक्षा पुन्हा देण्यात आली नाही.

दरम्यान सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ च्या निर्णयाने दूरचित्रवाणीच्या हक्कांवरील संघटनेची मक्तेदारी संपली आणि विद्यापीठांचे व प्रशिक्षकांचे उत्पन्न झपाट्याने वाढले. हौशीपणाचे बंधन खेळाडूंपुरतेच उरले, हा आक्षेप त्यामुळे बळावला. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा रेजी बुश व त्याचे कुटुंबीय यांनी क्रीडाव्यवसायातील दलालांकडून लाभ घेतल्याचा निष्कर्ष संघटनेने २०१० मध्ये काढला. बुशने २००५ चे हाइसमन पारितोषिक सोडून दिले. एप्रिल २०२४ मध्ये ते त्याला परत देण्यात आले.

कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये केलेला कायदा व सर्वोच्च न्यायालयाचा जून २०२१ मधील एकमताचा निर्णय यांनंतर संघटनेने १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव व प्रतिमा यांच्या व्यापारी वापराबद्दल पैसे घेण्याची मुभा दिली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठेही खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली. २०२५-२६ साठी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २.०५ कोटी डॉलर ठरविण्यात आली.