लेखांक 6 : पांढऱ्या पेशीच्या आत राहणारा परजीवी

मागील लेखांकात तांबड्या पेशीत शिरणाऱ्या बाबेसियाचा विचार केला. तेथे परजीवी एकीकडे आणि त्याचा प्रतिकार करणाऱ्या पेशी दुसरीकडे, अशी विभागणी निदान समजुतीपुरती तरी करता येत होती. कुत्र्यांतील हेपॅटोझून कॅनिस या एकपेशीय परजीवीच्या बाबतीत मात्र ती टिकत नाही, कारण रक्तात तो ज्या पेशीत मुक्काम करतो ती न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंना गिळून मारणारी आणि पांढऱ्या पेशींत संख्येने सर्वांत मोठी असलेली पेशीच होय. क्वचित तो मोनोसाइट या दुसऱ्या भक्षक पेशीतही आढळतो.

या परजीवीची पहिली नोंद भारतातच, 1905 साली झाली आणि त्याचा गोचिडीतील जीवनक्रम ख्रिस्तोफर्स यांनी 1907 मध्ये वर्णिला. शंभर वर्षांनंतरही त्याचा पसारा कमी झालेला नाही. मुंबई, दिल्ली, सिक्कीम आणि लडाख येथील 525 भटक्या कुत्र्यांच्या रक्ताची जनुकीय तपासणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा गोचिडीमार्फत पसरणाऱ्या सर्व रोगकारकांत हाच अग्रस्थानी, सुमारे 30 टक्के कुत्र्यांत, सापडला. नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागेच्या आणि कांदाचाळीच्या राखणीला कुत्रा असतो, सिन्नर-येवल्याच्या माळावर तो मेंढरांमागे फिरतो, आणि या सर्वांच्या अंगावर वाढणारी तपकिरी गोचीड प्रत्येक अवस्थेनंतर खाली उतरून भिंतीच्या फटीत, गोणपाटाखाली किंवा दगडांच्या सांदीत दडते. त्यामुळे निफाडचा पारा एक आकडी झाला तरी तिची हालचाल केवळ मंदावते, वस्ती उठत नाही.

संसर्गाचा मार्ग मात्र बहुतेकांच्या समजुतीपेक्षा वेगळा आहे. हा परजीवी गोचिडीच्या चाव्यातून शिरत नाही. खाज सुटलेला कुत्रा दातांनी अंग कुरतडताना बाधित गोचीड गिळतो, तेव्हा तिच्या शरीरातील बीजाणुज, म्हणजे संसर्ग घडवणारी सूक्ष्म रूपे, आतड्यात मोकळी होतात आणि आतड्याची भिंत ओलांडून रक्त व लसीकेवाटे प्लीहा, अस्थिमज्जा, यकृत, फुफ्फुसे अशा अवयवांत पोहोचतात. तेथे त्यांचे विभाजन होते, आणि त्यातून निघालेली पिढी न्यूट्रोफिलमध्ये शिरून युग्मकजनक रूप धारण करते, म्हणजे गोचिडीच्या पोटात गेल्यावर ज्यापासून लैंगिक पिढी तयार होईल असे रूप. संसर्गापासून रक्तात ही रूपे दिसेपर्यंत साधारण चार आठवडे जातात. गाभण कुत्रीकडून पिल्लांना होणारा संसर्गही सिद्ध झालेला आहे.

प्रतिकाराचे खरे कोडे येथून सुरू होते. प्रतिपिंडे, म्हणजे विशिष्ट शत्रूला ओळखून चिकटणारी प्रथिने, काही आठवड्यांत तयार होतात, परंतु ती पेशीबाहेर वावरतात आणि परजीवी पेशीच्या आत असतो. अशा आतल्या शत्रूसाठी टी-लिम्फोसाइट या पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशद्रव्य सोडून भक्षक पेशींची मारकशक्ती वाढवतात. आतड्यातील कृमींविरुद्ध इओसिनोफिल पेशींवर भर देणारी जी फळी उभी राहते, तिच्याहून ही वेगळी. बहुसंख्य कुत्र्यांत ही व्यवस्था परजीवीला संपवत नाही, फक्त आवरून धरते: न्यूट्रोफिलपैकी 1 ते 5 टक्के बाधित असतात आणि कुत्रा वरकरणी धडधाकट दिसतो. आवर सुटला की मात्र बाधित पेशींचे प्रमाण शंभर टक्क्यांच्या जवळ जाते आणि एका मायक्रोलिटर रक्तातील पांढऱ्या पेशी दीड लाखापर्यंत चढल्याची उदाहरणे आहेत. शरीर मदतीला जितक्या नव्या पेशी धाडते तितकी परजीवीला राहायला जागा मिळते. ताप, रोडावणे आणि रक्तक्षय ही लक्षणे प्रामुख्याने अशाच कुत्र्यांत दिसतात.

आवर सुटण्यामागे अनेकदा दुसरे दुखणे असते. एर्लिकिया हा जिवाणू त्याच तपकिरी गोचिडीतून येतो, पार्व्होचा विषाणू पिल्लांची अस्थिमज्जा खचवतो, आणि दोन्हींमुळे हेपॅटोझूनला मोकळे रान मिळते. औषधही कारण ठरू शकते: प्रायोगिक संसर्गानंतर प्रतिकारशक्ती दबेल इतके प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलेल्या कुत्र्यांत परजीवींची संख्या वाढलेली दिसली आहे. खाजेवर सर्रास स्टेरॉइड टोचण्याची पद्धत या दृष्टीने निश्चितच धोक्याची आहे, विशेषतः ती खाज गोचिडीमुळेच उठलेली असेल तर.

निदान तसे अवघड नाही. कानाच्या पाळीतून घेतलेला रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून जिम्सा रंगाने रंगवला की न्यूट्रोफिलच्या मधोमध सुमारे 11 मायक्रोमीटर लांब आणि 4 रुंद अशी फिकट निळसर लंबगोल कुपी दिसते आणि पेशीचे खंडित केंद्रक तिच्यामुळे कडेला ढकललेले असते. बाधित पेशी थोड्या असतील तर ही काचपट्टी फसवते, म्हणून पांढऱ्या पेशींचा थर वेगळा काढून तपासणे किंवा पीसीआर चाचणी करणे अधिक भरवशाचे ठरते.

उपचारात इमिडोकार्ब डायप्रोपिओनेटची इंजेक्शने 14 दिवसांच्या अंतराने, रक्तातील रूपे दिसेनाशी होईपर्यंत द्यावी लागतात, तरीही परजीवी शरीरातून पूर्णपणे जाईलच याची खात्री नसते. म्हणून कुत्रा पाळणाऱ्यांनी गोचिडींचा बंदोबस्त कुत्र्याच्या अंगावर आणि त्याच्या बसण्याच्या जागेच्या फटींत एकाच वेळी करावा, आणि काढलेल्या गोचिडी त्याच्यासमोर जमिनीवर टाकू नयेत.