पावणेचार फेऱ्या, तीन चाकं

१५०० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या मैदानाला पावणेचार फेऱ्या. हे अंतर पायांनी सर्वांत लवकर कापलं ते मोरोक्कोच्या हिशाम एल गेरूजनं, १९९८ साली रोममध्ये. वेळ ३ मिनिटं २६ सेकंद. तेच अंतर स्वित्झर्लंडच्या मार्सेल हूगनं टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये २ मिनिटं ४९.५५ सेकंदांत संपवलं. हूगच्या मणक्यात जन्मतःच दोष आहे. तो रेसिंग खुर्चीत बसून नुसत्या हातांनी चाकं ढकलतो. हिशेब केला तर वेग ताशी जवळजवळ ३२ किलोमीटर येतो. आपल्या जळगावच्या रिंगरोडवर भरल्या बाजाराच्या वेळी दुचाकीलाही तो मिळत नाही.

पण खुर्ची पायांपेक्षा नेहमीच वेगवान असते असं मात्र नाही. १०० मीटरमध्ये उसेन बोल्ट ९.५८ सेकंदांत पोचला, तर फिनलंडच्या लिओ-पेक्का टाह्टीला लंडनमध्ये १३.६३ सेकंद लागले होते, आणि तो तेव्हाचा विश्वविक्रम होता. थांबलेलं चाक हलवायला जोर लागतो. खुर्चीचे पहिले वीस-तीस मीटर जडच जातात. चाक एकदा फिरू लागलं, की धावणाऱ्याला प्रत्येक पावलाला स्वतःचं वजन उचलावं लागतं आणि खुर्चीवाल्याला लागत नाही. हे पारडं ८०० मीटरपर्यंत फिरलेलं असतं. डेव्हिड रुडिशाचा धावण्याचा विक्रम १ मिनिट ४०.९१ सेकंदांचा, आणि टोकियोत हूगनं ८०० मीटर जिंकले ते १ मिनिट ३३.६८ सेकंदांत. म्हणून खुर्चीच्या शर्यतीतली खरी गंमत मध्यम पल्ल्यात आहे. १०० मीटरमध्ये दंडाची ताकद दिसते. मॅरेथॉनमध्ये दम दिसतो. ८०० आणि १५०० मीटरमध्ये या दोन्हींबरोबर डोकं लागतं.

ही वेगाची गोष्ट फार जुनीही नाही. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये पुरुषांची १५०० मीटर खुर्ची शर्यत प्रात्यक्षिक म्हणून ठेवली होती. बेल्जियमचा पॉल व्हॅन विंकल ती ३ मिनिटं ५८.५० सेकंदांत जिंकला. त्या काळी धावण्याचा विक्रम स्टीव्ह ओव्हेटच्या नावावर होता, ३ मिनिटं ३०.७७ सेकंदांचा. म्हणजे तेव्हा पाय पुढे होते आणि खुर्ची बरीच मागे. तिथून टोकियोपर्यंतच्या ३७ वर्षांत धावणाऱ्यांनी पावणेपाच सेकंद वाचवले, तर खुर्चीनं एक मिनिट आणि नऊ सेकंद. माणसाचे दंड ३७ वर्षांत इतके बदलत नाहीत. बदलली ती खुर्ची, आणि ती ढकलायची रीत.

रेसिंग खुर्ची जवळून पाहिली तर तिला खुर्ची म्हणवत नाही. मागे दोन मोठी चाकं, वरून आत कललेली. पुढे लांब दांड्याच्या टोकाला एक लहान चाक. मोठ्या चाकाचा व्यास टायरसकट ७० सेंटिमीटरच्या आत आणि लहानाचा ५० च्या आत हवा, असा नियम आहे. गिअर चालत नाही, साखळी चालत नाही, ढकलायला दांडा चालत नाही. प्रत्येक मोठ्या चाकाला बाहेरून एक बारीक कडी असते, खेळाडूचा हात लागतो तो फक्त तिला. बसायची जागा इतकी अरुंद, की मापाच्या खेळाडूलाही आत सरकून बसावं लागतं. बहुतेक जण पाय खाली दुमडून गुडघ्यांवर बसतात आणि छाती मांड्यांवर टेकवतात.

कडी मुठीत धरायची नाही, हे नवख्याला पटतच नाही. एवढ्या वेगात फिरणारी कडी धरली तर हाताचाच ब्रेक लागेल आणि मनगटही जाईल. खेळाडूच्या हातात कडक प्लास्टिकचे, स्वतःच्या मुठीच्या मापानं घडवलेले मोजे असतात. मूठ वळलेली ठेवून तो कडीवर वरून ठोसा मारतो, घड्याळातल्या एकच्या आकड्याजवळ. तिथून कडी खाली रेटत सहा-सातपर्यंत नेतो आणि शेवटी मनगटाच्या झटक्यानं हात सोडून देतो. हात मागे उंच जातात आणि पुन्हा खाली येतात. ठोसा आणि चाक यांचा वेग जुळला नाही, तर प्रत्येक ठोशाला चाकाला धक्का बसतो आणि गती खाल्ली जाते. हा ताल बसायला वर्ष-वर्ष जातात.

आता वळण. दोन्ही हात ठोसे मारण्यात गुंतलेले, मग सुकाणू कोण धरणार? त्यासाठी पुढच्या दांड्यावर एक लहानशी कळ असते. मैदानाच्या वळणाला चाक किती वळायला हवं, ते आधीच ठरवून ती पक्की केलेली असते. वळण आलं की खेळाडू दोन ठोशांच्या मध्ये तिला एका बाजूनं थाप मारतो, पुढचं चाक तेवढंच वळतं आणि वळणभर तसंच राहतं. सरळ रस्ता लागला की दुसऱ्या बाजूनं थाप. १५०० मीटरमध्ये ही थाप वेळेवर पडली नाही, तर खुर्ची शेजाऱ्याच्या चाकात जाते. ८०० मीटर आणि त्यावरच्या शर्यतींत हेल्मेट सक्तीचं आहे ते उगाच नाही. २००८ मध्ये बीजिंगला महिलांच्या ५००० मीटरमध्ये असा ढीग झाला, की तक्रारींवरून शर्यत पुन्हा घ्यावी लागली. तोवर कॅनडाच्या डायान रॉयच्या गळ्यात सुवर्णपदक पडूनही गेलं होतं!

सगळे एका गटात धावत नाहीत. हात आणि धड किती साथ देतात, त्यावरून गट ठरतात. टी-५१ आणि टी-५२ मध्ये हातांतही अधूपण असतं. टी-५३ मध्ये हात पूर्ण चालतात, पण पोट आणि पाठ साथ देत नाहीत. टी-५४ मध्ये धडाचे स्नायू काही अंशी किंवा पूर्ण कामाला येतात. धडाची साथ असली की सुरुवातीला झुकून जोर लावता येतो. त्यामुळे विक्रमांची चर्चा बहुधा टी-५४ चीच होते.

आता डोक्याचा भाग. २०१२ मध्ये लंडनला ब्रिटनच्या डेव्हिड विअरनं ८०० मीटर, १५०० मीटर, ५००० मीटर आणि मॅरेथॉन, अशी चार सुवर्णपदकं घेतली. त्यातल्या १५०० मीटरची त्याची वेळ होती ३ मिनिटं १२.०९ सेकंद. हूगच्या टोकियोच्या वेळेपेक्षा बावीस सेकंदांनी जास्त. विअर काही हळू माणूस नव्हता. शर्यतच तशी झाली. या वेगात सर्वांत मोठा शत्रू वारा असतो. जो पुढे असतो तो वारा अंगावर घेतो आणि मागचा त्याच्या आडोशानं फुकट येतो. म्हणून मोठ्या फायनलमध्ये पुढे जायला कुणीच तयार नसतं. पहिल्या दोन-तीन फेऱ्या एकमेकांचा अंदाज घेण्यात जातात आणि शेवटच्या तीनशे मीटरमध्ये सगळा हिशेब होतो. तेव्हा आत, कठड्याला चिकटून अडकलेला माणूस कितीही ताकदवान असो, त्याला बाहेर यायला वाट मिळत नाही. हूगचं वेगळेपण असं, की त्याला आडोसा लागत नाही. तो स्वतः पुढे जाऊन सगळ्यांना दमवतो. त्याची टोकियोची कार्बनची खुर्ची घडवण्यात फॉर्म्युला वन मोटारी बनवणाऱ्या सॉबरच्या तंत्रज्ञांचा हात होता, हेही विसरायला नको.

हे सगळं जळगावात बसून का सांगायचं? कारण आपल्याकडे हातानं चालणारी चाकं कमी नाहीत. गोलाणी मार्केटच्या पायऱ्यांपाशी, एसटी स्टँडबाहेर, धुळ्यात आग्रा रोडवर तीनचाकी सायकली दिसतातच. शिबिरांतून वाटल्या जाणाऱ्या अशा कित्येक सायकली कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्यातून येतात. छातीसमोर हँडलचा भोवरा, त्याला साखळी, साखळीनं चाक. पण रेसिंग खुर्चीशी हिचं नातं नाही. नातं आहे हँडसायकलशी. तो वेगळा खेळ आहे, सायकलिंगमध्ये मोडतो, आणि पॅरालिम्पिकमध्ये २००४ ला अथेन्सला आला. आता बॅटरीवरच्या तीनचाकी आल्यात. ज्याला रोज पोट भरायला बाजारात जायचंय त्यानं बॅटरीचीच घ्यावी, खेळाच्या नावाखाली त्याला हँडल फिरवायला लावणं हा शुद्ध आगाऊपणा होईल.

मराठी माणूस आणि खुर्चीची स्पर्धा यांची गाठ जुनी आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांची विश्वविक्रमी वेळ देऊन भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण आणलं. ही गोष्ट आता सिनेमामुळे घरोघर माहीत आहे. मात्र त्याच स्पर्धेत ते भालाफेकीबरोबर स्लालममध्येही अंतिम फेरीत होते, हे फारसं सांगितलं जात नाही. स्लालम म्हणजे खुंट्यांमधून, उतार-चढांवरून खुर्ची वळवत वेळेत बाहेर काढायची. मैदानावरच्या लांब शर्यती तेव्हा नव्हत्याच. खुर्चीवरचे ८०० आणि १५०० मीटर पॅरालिम्पिकमध्ये आले ते १९७६ ला, टोरांटोत. १९७५ मध्ये बॉब हॉल नावाच्या अमेरिकन तरुणानं बोस्टन मॅरेथॉन खुर्चीवरून मागितली, तेव्हा आयोजकांनी सांगितलं होतं, की तीन तासांच्या आत आलास तरच प्रमाणपत्र. तो २ तास ५८ मिनिटांत आला.

पेटकरांनंतर महाराष्ट्राचा धागा तुटला नाही, पण तो फेकीकडे वळला. पॅरिसला २०२४ मध्ये सांगलीच्याच सचिन खिलारीनं गोळाफेकीत रौप्य घेतलं. नांदेडची भाग्यश्री जाधव खुर्चीत बसून गोळा फेकते. पॅरिसच्या उद्‌घाटनाला तिरंगा तिच्या आणि सुमित अंतिलच्या हातात होता. देशाचंही तसंच. पॅरिसच्या २९ पदकांपैकी १७ ॲथलेटिक्सची. त्यांतली धावण्याची चार, बाकी सगळी फेक आणि उडीची. खुर्चीच्या शर्यतीचं एकही नाही. पॅरिसलाच काय, आजवरच्या कुठल्याच पॅरालिम्पिकमध्ये नाही. मुंबई मॅरेथॉनमध्ये दिव्यांगांसाठी जेमतेम सव्वा-दीड किलोमीटरची फेरी असते, अंतरानं ती मध्यम पल्ल्याच्या जवळ जाते. पण ती शर्यत कमी आणि सोहळा जास्त.

कारण पैसा, असं उत्तर लगेच येतं. ते अर्धं खरं आहे. बसून फेकायला एक लोखंडी बैठक लागते, ती जमिनीला पट्ट्यांनी आवळतात. ती बैठक गल्लीतला वेल्डरही बनवून देईल. रेसिंग खुर्ची परदेशातून मागवावी लागते, काही लाखांना पडते आणि दुसऱ्याच्या मापाची चालत नाही. पण थायलंडकडे पाहा. तिथला प्रवात वाहोराम २००० च्या सिडनीत सुवर्ण जिंकला आणि सोळा वर्षांनी रिओमध्ये १५०० मीटरला हूगला रौप्यावर ठेवून पुन्हा सुवर्ण घेतलं. थायलंड काही स्वित्झर्लंड नाही, आणि ऊनही तिथे आपल्यासारखंच. मणक्याला मार बसलेल्या माणसाला माराच्या खालच्या भागात नीट घाम येत नाही, अंग आतल्या आत तापतं. खानदेशात एप्रिल-मे मध्ये सकाळी सातनंतर त्याला मैदानावर ठेवणं धोक्याचं. तेही थायलंडनं जमवलंच ना.

मला वाटतं, त्यांचं जमलं आणि आपलं अडलं ते घोळक्यावर. भालाफेक एकट्यानं शिकता येते. एक प्रशिक्षक, एक मैदान, एक मुलगा. १५०० मीटरची खुर्ची एकट्यानं शिकताच येत नाही. समोर कुणी वारा अडवणारा नसेल, आतल्या बाजूला अडकवणारा नसेल, शेवटच्या वळणावर खांद्याला खांदा घासणारा नसेल, तर शिकणार काय? वेळ सुधारेल, शर्यत कळणार नाही. आणि आपली सगळी मदत एकेकट्याला जाते. स्थानिक स्वराज्य संस्थांना स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो. तो लाभार्थीनिहाय वाटला जातो, आणि त्या त्या घराला त्याची गरज असतेच. मात्र पाच खुर्च्या एकाच मैदानावर ठेवायच्या आणि पाच जणांनी त्या वापरायच्या, असं यादीत बसत नाही.

खानदेशाला एकत्र ठेवून शिकवण्याची सवय नाही असंही नाही. जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनचं मनोबल केंद्र आहे. राज्यभरातली दिव्यांग मुलं तिथे राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. एकमेकांच्या जोरावर पुढे जाण्याची कल्पना तिथे रुजलेली आहे. फक्त ती शर्यत टेबलाशी बसून असते. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठीही जागा राखीव आहेत, हे त्यातल्या एखाद्या मुलाला मैदानाकडे वळवायला पुरेसं कारण ठरावं.

सुरुवात खुर्चीपासूनच करायला हवी असंही नाही. जगभरचे खेळाडू पावसाळ्यात घरातच रोलरवर सराव करतात. दोन फिरते लोखंडी नळ, चार बेअरिंगं, एक चौकट. वर खुर्ची चढवायची आणि जागच्या जागी ढकलायची. जळगावच्या एमआयडीसीत पाइपचे आणि चटईचे कारखाने आहेत, त्यांच्या आजूबाजूला लेथवाले आहेत. नळाचा व्यास आणि बेअरिंगचा नंबर दिला, तर रोलर तिथे दोन दिवसांत तयार होईल. त्यावर साधी रोजची व्हीलचेअर चढवूनही ठोशाचा ताल पकडता येतो. थाप मारून वळण घ्यायचं शिकायला मात्र खरी खुर्ची आणि खरं मैदानच लागेल, आणि सोबतीला आणखी चार जण.