रांग आपल्या दारात हवी

आता वसतिगृहाचंच उदाहरण घेऊ. १०० एमबीपीएसची एक लाइन, ४० मुलं. सरळ भागाकार केला तर प्रत्येकाला अडीच. दिसायला न्याय्य, पण रात्री दोनला तिघेच जागे असले तरी त्यांना अडीचच मिळणार, बाकी लाइन रिकामी. हा न्याय नव्हे, नासाडी आहे.

बरं, मर्यादाच काढून टाकली तर? एकजण मोठी फाइल अपलोड करायला घेतो आणि शेजारच्या खोलीत ऑनलाइन मुलाखत देणाऱ्या मुलाचा आवाज तुटायला लागतो. आवाजाला लागतात जेमतेम १०० केबीपीएस. मग अडतं कुठे? रांगेत. फाइलची पॅकेट्स मोडेमच्या बफरमध्ये आधीच भरून बसलेली, याची त्यांच्या मागे.

जॉन नेगल यांनी १९८५ मध्येच उपाय सुचवला होता : प्रत्येकाची रांग वेगळी ठेवा आणि पाळीपाळीने एकेक पॅकेट सोडा. ज्याला थोडंच हवं त्याचं लगेच भागतं. उरलेलं बाकीचे वाटून घेतात.

दोन पथ्यं मात्र पाळा. पाळी उपकरणाला द्या, कनेक्शनला नको. नाहीतर तीस कनेक्शन उघडणारा तीस पाळ्या घेऊन जातो. ओपनडब्ल्यूआरटी या मोफत राउटर-प्रणालीतली ‘केक’ ही सोय हे करू शकते. दुसरं, राउटरवर वेग लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी, समजा ९० टक्के, ठेवा. हे दहा टक्के का सोडायचे? तर रांग मोडेममध्ये न लागता आपल्या राउटरमध्ये लागावी म्हणून. रांग ज्याच्या दारात, पाळी लावणं त्याच्याच हातात.