पिसणारे यंत्र आणि मोजणारा माणूस

मेंढीकोट खेळणाऱ्या माणसाला आम्ही येथे जे सांगणार आहोत त्यातील निम्मे आधीच ठाऊक असते. चारांपैकी दोन मेंढ्या पडून गेल्या, हुकमाचा एक्का पहिल्याच हाताला गेला, आता राजावर मात करणारे पान कुणाजवळ नाही, हा हिशेब आमच्या भांडगाव-यवताकडे पारावर बसलेला निरक्षर म्हातारादेखील बिनचूक ठेवतो. त्याचे मर्म एवढेच की, पडलेले पान त्या डावात परत येत नाही. गेलेल्याची आठवण ठेवली म्हणजे राहिलेल्याचा अंदाज येतो. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील एका खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला, तेव्हा पडणारी पाने लक्षात ठेवावी लागतात हेही एक कारण दिले होते.

आता कुणी विचारील की, कामगार संघटनेच्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत जुगारावर कशाला बोलावे? बोलावे लागते, कारण बोनस हाती पडला की चार तरुण मिळून गाडी करतात आणि गोवा गाठतात. महाराष्ट्रात कॅसिनोचा कायदा १९७६ साली झाला, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ साली रद्द झाला. गोव्यात मात्र १९७६ च्या कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत नाण्यांच्या यंत्रांना, आणि १९९६ साली जहाजांवर टेबलावरच्या खेळांना वाट मिळाली. पणजीला मांडवीत उभी असलेली जहाजे ती हीच. फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना तेथे खेळण्यास मनाई आहे. म्हणजे खेळणारे बाहेरचे. त्यात आपण आलो. आणि अलीकडे ही मुले रिकाम्या डोक्याने जात नाहीत, 'पत्ते मोजण्याची विद्या' मोबाइलवर शिकून जातात. ही विद्या खरी आहे. ती कोठे चालते आणि कोठे चालत नाही, एवढेच समजून घ्यायचे आहे.

ब्लॅकजॅक हा एकविसाचा खेळ. दश्शी, गुलाम, राणी व राजा यांचे प्रत्येकी दहा, एक्क्याचा एक किंवा अकरा. बेरीज एकविसाच्या जितकी जवळ तितके बरे. एकवीस ओलांडले की पैसे गेले. वाटणाऱ्याला स्वतःचे मत नसते; सोळापर्यंत त्याने पान घ्यायचे, सतरा झाले की थांबायचे. मग मालकाला फायदा कशात? खेळणाऱ्याने आधी पाने घ्यायची यात. तो एकविसाच्या पुढे गेला की तेथेच संपला, मागाहून वाटणाराही पुढे गेला तरी पैसे परत येत नाहीत. पण एक्का आणि दहाचे पान पहिल्याच दोन पानांत आले तर खेळणाऱ्याला दीडपट मिळते, वाटणाऱ्याला तसे आले तर तो पणाएवढेच घेतो. म्हणून शिल्लक पानांत एक्के आणि दहाची पाने दाट असली की पारडे खेळणाऱ्याकडे झुकते. शिवाय बारा-सोळावर अडकलेला वाटणारा अशा वेळी सक्तीने पान घेतो आणि बुडतो.

हे प्रथम कागदावर कुणी मांडले? १९५६ साली अमेरिकन लष्करातील चार तरुणांनी हिशेबाच्या टेबलयंत्रावर आकडेमोड करून या खेळाची उत्तम चाल प्रसिद्ध केली. पुढे एडवर्ड थॉर्प या गणिताच्या प्राध्यापकाने संगणक वापरून पडलेल्या पानांचा हिशेब बसविला आणि १९६२ साली 'बीट द डीलर' हे पुस्तक काढले. आज प्रचलित असलेली रीत अगदी सोपी आहे. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचे पान पडले की एक मिळवायचा, दहाचे पान किंवा एक्का पडला की एक वजा करायचा, सत्ती-अठ्ठी-नव्वी सोडून द्यायची. एका कॅटात लहान पाने वीस आणि मोठीही वीस, म्हणून कॅट संपताना बेरीज शून्यावर येते. मध्येच ती खूप चढली तर मोठी पाने अजून आत आहेत असे समजून पण वाढवायचा. यातून सुटणारा फायदा शंभराला एखादा रुपया, तोही ज्याच्याजवळ मोठे भांडवल व दगडाचे काळीज आहे त्याला. पण फायदा खरा होता. आणि मालकांना तो खुपला.

१९६४ साली लास व्हेगासच्या मालकांनी नियमच कडक केले. गिऱ्हाईक उठून जाऊ लागले तेव्हा काही आठवड्यांतच ते मागे घेतले. मग एका कॅटाऐवजी सहा-आठ कॅट एकत्र केले, मोजणारा ओळखू आला की त्याला दार दाखविले. केन उस्टन नावाचा खेळाडू यावर कोर्टात गेला आणि १९८२ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, केवळ डोक्याने हिशेब करतो म्हणून कॅसिनोने माणसाला परस्पर हाकलता कामा नये. त्याच सुमारास मिनेसोटातील जॉन ब्रीडिंग या ट्रकचालकाच्या डोक्यात पत्ते पिसणाऱ्या यंत्राची कल्पना आली. १९८३ साली त्याने कंपनी काढली. स्टिअरिंग धरणाऱ्या हातांनी मालकांना हे हत्यार करून द्यावे, याची आम्हाला गंमत वाटते आणि थोडे वाईटही वाटते.

अखंड पिसणारे यंत्र ही त्याच्या पुढची पायरी. टेबलावर एक पेटी असते, आत चारपाच कॅट. डाव संपला की वापरलेली पाने बाजूला रचून ठेवीत नाहीत, लगेच पेटीत परत घालतात. आत खणांचे चाक असते. कोणते पान कोणत्या खणात जावे हे यदृच्छेने ठरते. आता मोजणाऱ्याची गत पाहा. हाताने पिसलेल्या एका कॅटात निम्मी पाने पडली आणि एकही एक्का दिसला नाही, तर उरलेल्या सव्वीस पानांत चार एक्के. पुढचे पान एक्का असण्याचा संभव तेरात एकावरून तेरात दोनावर गेला. यंत्रात मात्र एक्का पडला काय, न पडला काय, पुढच्या डावाला तो संभव जवळजवळ तेरात एकच राहतो. पेटीच्या तोंडाशी काही पाने आधीच तयार असतात, म्हणून अगदी किंचित आठवण उरते; पण तिच्यावर पोट भरत नाही. विहिरीतून बादली काढावी, मोजावी आणि परत विहिरीत ओतावी, त्यातला हा प्रकार.

आमच्या गिरणगावाने ही गोष्ट दुसऱ्या रूपात भोगली आहे. १९६२ साली कल्याणजी भगताने आणि १९६४ साली रतन खत्रीने मटका चालू केला. जुन्या आकड्यांचे तक्ते करून उद्याचा आकडा काढणारे 'पंडित' चाळीचाळीत होते. पण पाने रोज पुन्हा सगळ्या कॅटातून निघत. कालच्या पानाला आजची ओळख नसे. मेंढीकोटात जी आठवण विद्या ठरते तीच मटक्यात भ्रम ठरते. पिसणारे यंत्र ब्लॅकजॅकला मेंढीकोटाच्या बाजूने उचलून मटक्याच्या बाजूला नेऊन ठेवते.

पण यंत्रात लबाडी आहे असे म्हणणे मात्र चूक. उलट, न मोजता नियमाने चाल खेळणाऱ्याचा दर डावामागचा तोटा या यंत्रावर किंचित कमीच येतो असे गणित सांगते. मालकाची कमाई वेगात आहे. हाताने पिसायचे म्हणजे खेळ काही वेळ थांबतो. यंत्र थांबत नाही. समजा, दर डावाला हजार रुपये लावले आणि सामान्य खेळणारा शंभराला दोन गमावतो. ताशी साठ डावांत बाराशे जातात. थांबणे गेले म्हणून ताशी पंचाहत्तर डाव झाले तर त्याच खिशातून पंधराशे जातात. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला, त्यात दोनऐवजी तीन माग सांभाळायला लावण्याचे भांडण होते. त्यांना हा हिशेब फोडून सांगावा लागला नसता. टेबलापलीकडे उभा असलेला वाटणाराही नोकरच आहे. पिसताना त्याला जी चार श्वासांची उसंत मिळे, तीही यंत्राने घेतली.

तेव्हा जाणारे जातीलच; त्यांनी टेबलाशी बसण्याआधी दोन गोष्टी उभ्याने पाहाव्यात. डाव संपल्यावर पाने कोठे जातात? बाजूच्या तबकात रचली गेली तर मोजण्याला काही अर्थ आहे. पेटीत परत गेली तर शिकलेली विद्या खिशात ठेवावी. आणि टेबलाच्या कापडावर काय छापले आहे? पहिल्याच दोन पानांच्या एकविसाला दोनास तीन असे लिहिलेले असते. काही टेबलांवर पाचास सहा लिहितात. फरक किरकोळ दिसतो, पण शंभर रुपयांच्या पणाला तेथे दीडशेऐवजी एकशेवीसच हाती येतात, आणि मालकाचा वाटा शेकडा सव्वापेक्षा अधिक वाढतो.