अरुंद टाळू रुंदावणारी साधने

वरचा जबडा अरुंद असला की वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात. टाळूच्या मधली शिवण लहानपणी पुरती जुळलेली नसते, म्हणून उपाय तेव्हाच सोपा. दाढांना पक्क्या बसवलेल्या हायरॅक्स या साधनात पालक किल्लीने स्क्रू फिरवतात. पाव फेऱ्याला साधन साधारण ०.२५ मिमी उघडते. पुढच्या दोन दातांत फट पडली तर घाबरू नये, शिवण उघडल्याची ती खूण. पुढे नवे हाड भरेपर्यंत साधन काही महिने तोंडातच राहते. क्वाड हेलिक्स या दुसऱ्या साधनाची तार सावकाश काम करते आणि ती डॉक्टरच ताणतात. काढता-घालता येणारी प्लेट धुवायला सोपी, पण दप्तरात राहिली तर निरुपयोगी. शिवाय तिने हाडापेक्षा दाढाच जास्त कलतात. उपचारासाठी गिरगाव-परळकरांना मुंबई सेंट्रलचे नायर दंत रुग्णालय आणि सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय जवळ पडतात.