दाण्यातल्या प्रथिनांना भाव कधी?

उन्हाळ्यात कुरडया घालणाऱ्या घरात गव्हाचा दाणा आतून कसा असतो हे सांगावं लागत नाही. तीन दिवस भिजवलेला गहू वाटून पिळला की पांढरा चीक तळाशी बसतो आणि हातात चोथा उरतो. चीक म्हणजे मुख्यतः पिष्ट. चोथ्यात कोंड्याबरोबर जो चिवट भाग असतो तो ग्लूटेन, म्हणजे गव्हाचं प्रथिन. पुरणपोळी न फाटता लाटली जाते ती याच्या जोरावर. गव्हाचं उत्पादन वाढवू पाहणाऱ्या पैदासकाराची सगळी ओढाताण चीक आणि चिवटपणा या दोघांतली आहे.

ओंबी फुलोऱ्यातून बाहेर पडली की हिरवी पानं उन्हाच्या बळावर साखर बनवतात आणि तिचं दाण्यात पिष्ट होतं. प्रथिनांचं तसं नाही. त्यांना लागणारा नत्र बराचसा आधीच पानात आणि काडीत साठलेला असतो. पान पिवळं पडू लागलं की तो दाण्याकडे वळतो. त्यामुळे उत्पादन वाढलं तरी नत्राचा साठा तेवढाच राहिला, तर तोच नत्र जास्त पिष्टात वाटला जातो. पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी वाढवावं, तसं हे. १९६०च्या दशकात बुटक्या मेक्सिकन जाती आल्या तेव्हापासून हा तिढा अधिकच ठळक झाला.

अहिल्यानगर जिल्ह्यात या तिढ्याच्या दोन्ही बाजू दिसतात. कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरीकडे पाटाच्या पाण्यावरचा गहू, तर पाथर्डी, जामखेडकडे ज्वारीचा कोरडवाहू मुलूख. कोरडवाहू गव्हाच्या बारीक दाण्यात प्रथिनांचं प्रमाण बहुधा जास्त निघतं. पण फेब्रुवारीच्या उन्हाने पिष्ट भरणं आधी थांबतं आणि दाणा सुरकुततो, हे त्यामागचं एक मोठं कारण आहे. हिशेब करून पाहा. हेक्टरी २० क्विंटल गव्हात १४ टक्के प्रथिनं म्हणजे २८० किलो. ४५ क्विंटलमध्ये १२ टक्के म्हणजे ५४० किलो. जुन्या गव्हातच ताकद होती, असं आपण म्हणतो. ते मला अर्धंच खरं वाटतं. खरा शोध आहे तो भरघोस उत्पादनातही टक्का न घसरू देणाऱ्या वाणाचा.

असा वाण अशक्य नाही, हे एका रानटी गवताने दाखवलं. पश्चिम आशियातल्या रानटी एमर गव्हातला एक जनुक २००६ साली कॅलिफोर्निया आणि हैफाच्या शास्त्रज्ञांनी वेगळा केला. तो पानं काही दिवस लवकर पिकवतो आणि त्यातला नत्र, लोह, जस्त दाण्याकडे पाठवतो. आजच्या बहुतेक लागवडीच्या गव्हांत हा जनुक निकामी तरी आहे किंवा मुळातच नाही. शेतकऱ्यांनी हजारो वर्षं टपोरा दाणा निवडला, त्या ओघात तो मागे पडला असावा. मात्र पान लवकर पिकलं तर पिष्टाचे दिवस कमी होतात. म्हणून हा जनुक कोणत्या वाणात, कोणत्या हवामानात घालायचा, हे प्रत्येक ठिकाणी शेतात पेरूनच ठरवावं लागतं.

आपल्याकडे हे काम चिकाटीने चाललं आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं गहू संशोधन निफाडला होतं. त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती, फुले समाधान हे वाण तिथले. तांबेऱ्यावर काम करणारं विद्यापीठाचं केंद्र महाबळेश्वरला आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस ४०२८ हा बन्सी गटातला वाण दिला. तो १०२ दिवसांत येतो आणि त्यात १४.७ टक्के प्रथिनं आहेत. तो कोरडवाहूसाठी असल्याने सरासरी उत्पादन हेक्टरी १९.३ क्विंटल. त्याच संस्थेचा बागायती एमएसीएस ६४७८ मला जास्त आशादायक वाटतो. त्यात प्रथिनं सुमारे १४ टक्के आहेत. साताऱ्याच्या करंजखोपमध्ये पूर्वी २५ ते ३० क्विंटल घेणाऱ्या शेतकऱ्यांना त्याने हेक्टरी ४५ ते ६० क्विंटल दिल्याचं संस्थेने नोंदवलं आहे.

असा एक वाण उभा करायला आठ-दहा वर्षं जातात. एकेका फुलातले पुंकेसर चिमट्याने काढायचे, ओंबीला कागदी पिशवी घालायची, दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या झाडाचे पराग टाकायचे आणि मग पिढ्यानपिढ्या निवड करत राहायची. एवढं करूनही वाण एकटा काही करत नाही. पोटाला नत्रच मिळाला नाही तर उत्तम जनुकही दाण्यात प्रथिन आणू शकत नाही. सगळा युरिया पेरणीलाच न टाकता अर्धा तीन आठवड्यांनी देण्याची शिफारस म्हणूनच महत्त्वाची. फुलोऱ्याच्या सुमारास केलेली सौम्य युरियाची फवारणी प्रथिन वाढवायला मदत करते.

पण शेतकऱ्याने हे सारं का करावं? आपल्या बाजारात गव्हाचा भाव ठरतो तो दाण्याची चकाकी, टपोरेपणा आणि ओलावा पाहून. ऑस्ट्रेलिया, कॅनडात प्रथिनांच्या टक्क्यानुसार प्रत ठरते आणि पैसे मिळतात. दाणा न दळता काही सेकंदांत प्रथिनं सांगणारी यंत्रं आहेत. जिल्ह्यातल्या बाजार समित्यांनी आणि शेतकरी कंपन्यांनी असं एक यंत्र काट्याशेजारी ठेवावं आणि पावतीवर वजनाखाली प्रथिनांचा आकडाही छापावा.