हबला चिकटलेली ब्रेक डिस्क

दापोली, मुरुड, श्रीवर्धनकडच्या कितीतरी घरांत गाडी अंगणात असते आणि चालवणारा आखातात. पावसाळाभर ती ताडपत्रीखाली उभी राहते. मुलगा सुट्टीवर येतो, बॅटरी चार्ज करतो, गाडी धुतो आणि घरच्यांना घेऊन दावतीला निघतो. ब्रेककडे सहसा कुणी पाहत नाही. खाऱ्या हवेने मात्र आधी तेच गाठलेले असतात.

डिस्क बिडाची असते. तिच्यावरचा तांबूस पातळ गंज चार-सहा वेळा ब्रेक दाबले की निघून जातो, त्याची काळजी नको. खड्डे पडले असतील किंवा जाडी डिस्कवरच कोरलेल्या किमान मापाखाली गेली असेल, तर ती बदलावीच लागते. दोन्ही बाजूंची एकदम, आणि पॅडही नवे. खरी कसोटी इथेच लागते: सगळे बोल्ट काढले तरी डिस्क हलत नाही. लोखंडाचा गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. हब आणि डिस्कच्या फटीत तो पाचरीसारखा फुगून बसतो.

गाडी सपाट जागेवर घ्यावी, नुसत्या जॅकवर कधीच ठेवू नये. खाली मजबूत स्टँड हवेत. कॅलिपर सोडवून तारेने टांगावा. तो होजवर लोंबकळत ठेवला तर होज आतून फाटू शकतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. काही गाड्यांत डिस्कवर एक-दोन छोटे स्क्रू असतात. त्यांचा माथा झिजला तर तो ड्रिलने उडवावा. डिस्कला शेवटी चाकाचे नटच धरून ठेवतात, स्क्रू फक्त जोडणीच्या सोयीचा.

मग मधल्या गोल फटीत आणि स्टडभोवती गंज सोडवणारं तेल सोडून थांबावं. घाई इथे महाग पडते. डिस्कच्या मधल्या भागावर, स्टडांच्या मध्ये, हातोड्याने ठोकावं आणि दर ठोक्यानंतर डिस्क थोडी फिरवावी. ताकदीने एकाच जागी हाणलं तर बेअरिंग दुखावतं. जुनी डिस्क पुन्हा वापरायची असेल तर घासल्या जाणाऱ्या भागाला हातोडा लागू देऊ नये.

अनेक जपानी गाड्यांच्या डिस्कला दोन आट्यांची भोकं असतात, बहुधा ८ मिलिमीटरची. त्यांत बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे आवळले की डिस्क स्वतःच सरकते. हे ठाऊक नसलेले मिस्त्री उगाच तासभर ठोकत बसतात. मागच्या डिस्कच्या आत काही गाड्यांत हँडब्रेकचे शू असतात. तिथे हँडब्रेक सोडून शू आत घ्यावे लागतात. गॅसच्या ज्योतीने तापवणं आम्हाला पसंत नाही: बेअरिंगचं ग्रीस, सील आणि एबीएसचा सेन्सर, तिन्ही जवळच असतात.

डिस्क निघाल्यावर हब तारेच्या ब्रशने चकचकीत करावा. गंजाचा एखादा पापुद्रा राहिला तरी नवी डिस्क किंचित वाकडी बसते आणि पुढे ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरू लागतं. नव्या डिस्कवरचं तेलही पुसून काढायला हवं.

गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहावं, कारण मागे सारलेला पिस्टन पुढे येईपर्यंत पहिले दाब रिकामे जातात. मग घरच्यांना न बसवता गल्लीत हळू चालवून पाहावी. आणि परत जाताना गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना विटा लावाव्यात, हँडब्रेक ओढून ठेवू नये.